मोहरी पेरून जमीन साफ होते काय?



डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग हातात केसांचे पुंजके, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. लहान पोरे, तरण्या मुली, म्हातारी माणसे, कोणी सुटले नाही. हळूहळू आजूबाजूच्या आणखी गावांतून तशाच तक्रारी आल्या. पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीचे निष्कर्ष सांगितले. विंचूदंशावरील उपचारामुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम नावाचे द्रव्य फार वाढलेले होते, आणि पंजाबकडून आलेल्या रेशनच्या गव्हात ते इथल्या गव्हाच्या मानाने सुमारे सहाशे पट निघाले.

तेव्हापासून गटात फिरताना सभासद दोन गोष्टी विचारतात. एक म्हणजे, "साहेब, आपल्या जमिनीत तं असं काही नाही ना?" आणि दुसरी, मोबाईलवर कुणीतरी पाठवलेली चित्रफीत दाखवून, "मोहरी पेरली, सूर्यफूल पेरलं, की जमिनीतलं विष निघून जाते म्हंतात, खरं काय?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. त्या तपासणीत दोष दिसला तो बाहेरून आलेल्या धान्यात, इथे पिकलेल्या गव्हात नव्हे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "होय" असेही आहे आणि "नाही" असेही आहे, म्हणून तो जरा खोलात जाऊन समजून घेतला पाहिजे. या प्रश्नात आपली ऊसशेती, जनावरांचे वाढे आणि कारखान्याचे प्रेसमड हे तिन्ही येतात.

पंजाबात काय झाले

सेलेनियम हा तसा पुरता धातू नव्हे. रसायनशास्त्रात ते गंधकाचे भावंड आहे. माणसाला व जनावरांना ते लागतेही, पण अगदी कणभर. कमी पडले तरी रोग आणि जास्त झाले तरी रोग, आणि या दोहोंमधले अंतर फार थोडे.

पंजाबच्या होशियारपूर व नवांशहर भागात (नवांशहर जिल्ह्याला आता शहीद भगतसिंग नगर म्हणतात) काही गावांच्या शेतात हे द्रव्य आहे. शिवालिक टेकड्यांतून पावसाळी ओढ्यांनी गाळ वाहून आणला आणि त्याबरोबर ते खाली येऊन साचले. तिथे पहिला इशारा जनावरांनी दिला. म्हशींच्या शेपटीचे केस गेले, शिंगे व खूर झडू लागले. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील ढिल्लन या शास्त्रज्ञ जोडीने अनेक वर्षे या जमिनींचा अभ्यास केला. त्यात जे दिसले ते आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. गंधकाची आवड असलेली पिके, म्हणजे सरसों, मोहरी, कांदा, लसूण, ही सेलेनियम अधिक उचलतात. झाडाला गंधक कोणते आणि सेलेनियम कोणते हे नीट ओळखता येत नाही. दोघेही मुळाच्या एकाच दारातून आत शिरतात. म्हणूनच जमिनीत जिप्सम टाकले की पिकातले सेलेनियम पुष्कळ कमी होते, कारण जिप्सममधला गंधक दारात गर्दी करतो आणि सेलेनियमला बाहेर ताटकळत ठेवतो.

इथे एक मेख आहे, ती पाहा. एकाच शेतात तुम्हाला धान्य खायचे असेल तर जिप्सम टाकून सेलेनियम आत येऊ द्यायचे नाही, आणि जमीन साफ करायची असेल तर मोहरी लावून ते जास्तीत जास्त आत ओढायचे. दोन्ही कामे एकाच हंगामात, एकाच पिकाने साधत नाहीत. जे पीक विष काढते ते खायचे पीक नव्हे. चित्रफितीवाले हे सांगत नाहीत.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात असाच प्रसंग आला होता. तिथल्या सान होआकिन खोऱ्यातल्या बागायती शेतांचा निचरा केस्टरसन नावाच्या जलाशयात सोडत. १९८३ साली त्या पाण्यावरच्या पक्ष्यांची पिल्ले वेडीवाकडी, डोळे नसलेली, चोच वाकडी अशी जन्मू लागली, तेव्हा सेलेनियमचा पत्ता लागला. पाणी शेतातलेच होते, वर्षानुवर्षे धुपून साचलेले. पुढे तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातली पिके अशा जमिनीत लावून पाहिली. पीक कापून ते सेलेनियम कमी पडणाऱ्या भागातल्या गुरांना मोजून मापून खाऊ घालता येते, असाही मार्ग त्यांनी काढला. सेलेनियमला असा उपयोग तरी आहे. शिसे किंवा कॅडमियम गुराच्या पोटात मोजून घालण्याचा प्रश्नच येत नाही.

झाड धातू कसे उचलते

आता जड धातूंकडे वळू. शिसे, कॅडमियम, निकेल, क्रोमियम, पारा यांना जड धातू म्हणतात. जस्त आणि तांबेही त्याच पंक्तीतले, पण ते पिकाला थोडे लागतात, म्हणून आपण झिंक सल्फेट टाकतो. कॅडमियम हा जस्ताचा सोबती आहे. पिकाचे मूळ जस्त शोधते, आणि त्याच्या पाठोपाठ कॅडमियम गुपचूप आत येते. बहुतेक झाडे हे पाहुणे मुळातच अडवतात, वर पानात फार जाऊ देत नाहीत.

जगात काही झाडे मात्र उलट्या स्वभावाची आहेत. ती धातू मुद्दाम ओढून पानात साठवतात, पेशीतल्या पोकळीत कोंडून ठेवतात, आणि त्यांना काही होत नाही. कीड पान खात नाही, हा त्यांचा फायदा असावा असे म्हणतात. दूर प्रशांत महासागरात न्यू कॅलेडोनिया बेटावर एक झाड आहे. त्याच्या बुंध्याला खाच केली की निळसर हिरवा चीक येतो. तो वाळवला तर त्यात वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा निकेल निघते! आपल्या सह्याद्रीत जुन्या विहिरीच्या चिऱ्यांत उगवणारे एक नेचे आहे, त्याच जातीचे नेचे आर्सेनिक ओढते हे २००१ साली फ्लोरिडात सिद्ध झाले. ही झाडे निसर्गाने दिलेली आहेत. त्यांच्या जिवावर जमीन साफ करण्याच्या शास्त्राला फायटोरेमेडिएशन असे भारी नाव आहे. आपण वनस्पतींकडून भूमिशुद्धी म्हणू.

हे शास्त्र खरे आहे आणि त्याचा उपयोग झालेलाही आहे. जपानचे उदाहरण घ्या. जिंझू नदीच्या काठी खाणीतून आलेले कॅडमियम भातखाचरांत मुरले. तांदूळ खाऊन माणसांची हाडे ठिसूळ झाली, साध्या खोकल्याने बरगडी मोडायची. रोगी "इताई, इताई" म्हणजे "दुखतंय, दुखतंय" असे ओरडत, म्हणून त्या रोगाचे नावच इताई-इताई पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने त्याचे कारण कॅडमियम हेच असल्याचे मान्य केले. मग त्या खाचरांवर नवी माती चढवण्याचे काम सुरू झाले, ते २०१२ पर्यंत चालले. इतका काळ, इतका पैसा. म्हणून जपानी शास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग शोधला. चोकोकोकु नावाचा एक भात आहे, तो कॅडमियम फार ओढतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी हा भात दोन वर्षे लावला, वाढीच्या काळात खाचरातले पाणी काढून टाकले, आणि पीक संपूर्ण उचलून बाहेर नेले. जमिनीतले कॅडमियम किलोमागे १.६३ मिलिग्रॅमवरून १.०१ वर आले, म्हणजे ३८ टक्के कमी. पुढच्या वर्षी लावलेल्या खाण्याच्या भातात ते जवळजवळ निम्म्यावर आले. हे यश मोठे आहे. पण त्यात तीन गोष्टी जुळल्या होत्या, त्या नीट पाहा: प्रदूषण हलके होते, निवडलेला भात त्या कामातला पट्टीचा होता, आणि नवीन कॅडमियम येणे थांबलेले होते.

सूर्यफुलाची गोष्ट मात्र ऐकीव जास्त आणि खरी कमी. चेर्नोबिलजवळच्या तळ्यात १९९० च्या दशकात तराफ्यांवर सूर्यफूल लावून पाण्यातले किरणोत्सारी द्रव्य काढण्याचा प्रयोग झाला, तो पाण्यात. मातीचे काम वेगळे. फुकुशिमाच्या २०११ च्या अपघातानंतर तिथल्या लोकांनी मोठ्या आशेने सूर्यफूल पेरले. जपानच्या कृषी खात्याने मोजले तेव्हा मातीतल्या सीझियमचा दोन हजारावा हिस्सा तेवढा झाडात आला होता. फुले मात्र सुंदर आली.

आता हिशेब करू

शेतकऱ्याला हिशेब कळतो, म्हणून मी तो मांडतो. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, आपल्या कोणाच्या शेतातले नाहीत.

एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे ८ लाख किलो भरते. समजा त्यात किलोला ५ मिलिग्रॅम कॅडमियम आहे. म्हणजे एकरात ४ किलो. एवढेसे कॅडमियम एका पाटीत मावेल, पण ते ८ लाख किलो मातीत विखुरलेले आहे. आपल्याला ते ३ मिलिग्रॅमवर आणायचे, म्हणजे १ किलो ६०० ग्रॅम बाहेर काढायचे. मोहरीचे काड, पाने, सगळे मिळून एकरी २ टन वाळलेला माल निघाला आणि त्यात किलोला २० मिलिग्रॅम कॅडमियम चढले (हा आकडा मी उदार मनाने धरला आहे), तर एका पिकात ४० ग्रॅम निघाले. १६०० भागिले ४०. चाळीस हंगाम! तुमचा नातू करील ते काम.

शिशाचे गणित तर हास्यास्पद होते. किलोला ५०० मिलिग्रॅम शिसे असेल तर एकरात ४०० किलो. अर्धे काढायचे तर २०० किलो. मोहरीत किलोला १०० मिलिग्रॅम शिसे चढले तरी दोन टनात २०० ग्रॅम. म्हणजे हजार हंगाम. शिसे मातीला फार घट्ट धरून बसते, मुळाला दाद देत नाही. म्हणून १९९० च्या दशकात अमेरिकेत काहींनी मातीत इडीटीए नावाचे रसायन टाकून शिसे मोकळे करायची युक्ती काढली. मोहरीने खरेच भरपूर शिसे उचलले. पण मोकळे झालेले सगळेच शिसे काही मोहरी पीत नाही, उरलेले पाण्याबरोबर खाली उतरते. खाली आपली विहीर असते! तेव्हा कोणी "जमिनीतले विष मोकळे करणारे द्रावण" म्हणून बाटली विकायला आला तर बांधावरूनच परत पाठवा. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या खतात इडीटीए थोडे असते, त्याची भीती नको. मी म्हणतो ते एकरी पिंपभर ओतण्याबद्दल.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू बघा, तीच माझ्या मते या लेखातली मुख्य गोष्ट आहे. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये कॅडमियम किलोला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. शिसे १०० पर्यंत, निकेल ५० पर्यंत, क्रोमियम ५० पर्यंत, पारा ०.१५ पर्यंत. समजा कायद्याच्या काठावरचे, ५ मिलिग्रॅमचे कंपोस्ट तुम्ही एकरी १० टन टाकले. कॅडमियम किती गेले? ५० ग्रॅम. मोहरीचे एक पीक काढणार ४० ग्रॅम आणि कायद्यात बसणारे खत एका वेळी टाकणार ५०! आणि जे कायद्यात बसतच नाही, कुठल्या तरी कारखान्याच्या सांडपाण्याचा गाळ, ज्यात किलोला ५० मिलिग्रॅम आहे, ते टाकले तर अर्धा किलो. एका दिवसात ट्रॅक्टरने टाकलेले काढायला बारा-तेरा मोहरीची पिके.

आपली काळी जमीन

आपल्या मोताळा तालुक्यातली काळी जमीन चुनखडीची, सामू आठच्या आसपास किंवा वर. अशा जमिनीत शिसे, कॅडमियम, जस्त, निकेल हे धातू घट्ट बसतात. चिकणमाती त्यांना धरते, चुना त्यांना बांधतो. पिकात ते कमी चढतात, हे आपले नशीब. जस्ताची कमतरता आपल्याकडे दिसते ती याच कारणाने. पण याचाच अर्थ असा की एकदा पडलेला धातू इथून निघतही नाही. हलक्या, आंबट जमिनीत झाडाने जे काम दहा वर्षांत केले असते ते आपल्या काळ्या जमिनीत त्याहून मंद होणार.

सेलेनियमचे मात्र उलटे आहे. ते खाऱ्या-चुनखडीच्या, हवा खेळणाऱ्या जमिनीतच जास्त मोकळे राहते आणि पिकात सहज जाते. म्हणून "काळी जमीन सगळे पचवते" असे जे म्हातारे सांगतात, ते अर्धेच खरे समजावे.

मग उसाचे काय? ऊस हे भरपूर टनेज देणारे पीक, त्यानेच जमीन साफ करावी, अशी कल्पना काही ठिकाणी मांडली गेली आहे. मला ती पटत नाही. एकरी ४० टन ऊस, वाढे धरून १२ टनांच्या आसपास वाळलेला माल समजा, आणि त्यात किलोला अर्धा मिलिग्रॅम कॅडमियम. सहा ग्रॅम निघाले. वरच्या हिशेबाने अडीचशेच्या वर वर्षे. शिवाय उसाचे मूळ धातू बरेचसे स्वतःजवळच ठेवते, आणि ते मूळ खोडव्यासकट जमिनीतच राहते. वाढे जातात जनावरांना. पाचट आपण जागीच कुजवतो. मीच गटागटातून पाचट जाळू नका म्हणून सांगत फिरतो, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे, पण संशयित जमिनीत पाचट म्हणजे काढलेला धातू परत टाकणे होय. गाळपात जो थोडा रसाबरोबर येतो तो चुना घालून रस निवळताना बराचसा प्रेसमडमध्ये उतरतो, आणि बगॅस जळली की तिच्यातला राखेत राहतो. प्रेसमड आणि राख फिरून आपल्याच शेतात येतात. म्हणून एका सभासदाची खराब जमीन ही त्याच्या एकट्याची गोष्ट राहत नाही. उसाची मोळी गव्हाणीत पडली की ती सगळ्यांच्या मोळ्यांत मिसळते.

प्रेसमडचा दुसरा गुण

प्रेसमडचे नाव निघाले म्हणून विदर्भातलेच एक काम सांगतो, ते आपल्याला अभिमान वाटावे असे आहे. नागपूर जिल्ह्यात सावनेर तालुक्यात गुमगावला मॅंगनीजची खाण आहे. खाणीतून काढलेल्या मुरमाड ढिगांवर गवताची काडी उगवत नव्हती. मॅंगनीज व इतर धातू भरपूर, सेंद्रिय कर्ब नावालाही नाही. नागपूरच्या 'नीरी' संस्थेतील शास्त्रज्ञांनी डॉ. आशा जुवारकर यांच्या पुढाकाराने त्या ढिगांवर झाडे उभी केली. खड्ड्यात साखर कारखान्याचे प्रेसमड घातले, मुळाशी राहणारी मायकोरायझा बुरशी आणि नत्र धरणारे जिवाणू दिले, आणि शिसव, साग, शिवण, कडुनिंब यांसारखी झाडे लावली. झाडे जगली, माती बनू लागली. सेंद्रिय पदार्थाने धातू बांधून ठेवले, त्यामुळे ते मुळाला कमी जाचले आणि वाऱ्या-पावसाने बाहेर पसरणे कमी झाले. तिथेच सावनेर तालुक्यात खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या राखेवरही याच पद्धतीने हिरवळ उभी केली.

लक्षात घ्या, इथे झाडांनी धातू काढून नेला नाही, तो जागच्या जागी धरून ठेवला. भूमिशुद्धीचा हा दुसरा प्रकार, आणि आपल्यासारख्या काळ्या जमिनीत काही करायची वेळ आलीच तर माझे मत या दुसऱ्या प्रकाराकडे आहे. धातू जर काढता येत नसेल तर तो पिकात, विहिरीत, धुळीत जाऊ द्यायचा नाही. चांगले कुजलेले शेणखत, तपासलेले प्रेसमड, आणि वर कायमची झाडी. नाल्याच्या काठाला, बांधाला वाळा लावावा. त्याचे मूळ सरळ खाली पुरुष-दोन पुरुष जाते, गाळ अडवते आणि धातू मुळातच ठेवते. वाळ्याचे मूळ मात्र अशा जागेवरून अत्तरवाल्याला किंवा पाण्याच्या माठात घालायला काढू नये.

संशयित जमीन असली तर

आपल्या भागात मोठे कारखाने नाहीत, त्यामुळे बहुतेक सभासदांच्या जमिनीला धोका नाही हे मी जबाबदारीने सांगतो. धोका येतो तो तीन वाटांनी. कोणी फुकटात गाळ, राख किंवा "सेंद्रिय खत" आणून टाकतो म्हणतो. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याचा धंदा जवळपास चालतो. किंवा गावचा, दवाखान्याचा, गॅरेजचा नाला शेतात वळवलेला असतो. एका गटात काळा, तेलकट वास असलेला गाळ खत म्हणून दोन ट्रॉल्या उतरवला होता, घेणाऱ्याला वाटले प्रेसमडसारखेच असेल. दिसायला दोन्ही काळेच असतात. विकणाऱ्याकडे तपासणीचा कागद मागा. कागद नाही तर माल नाही, मग तो फुकट का असेना.

अशी एखादी जागा निघालीच तर पहिले काम म्हणजे येणारे बंद करणे. त्यानंतर त्या तुकड्यात पालक, मेथी, चुका, मुळा, गाजर हे घेऊ नये, कारण पाने आणि मुळे यांच्यातच धातू जास्त साठतो. चाराही घेऊ नये. एरंडी चालते, तिला शेळी तोंड लावत नाही आणि तेल काही खाण्याचे नाही, पण तिची पेंड त्याच जमिनीत परत टाकू नये. बांबू, कडुनिंब चांगले. झेंडू लावायला हरकत नाही. कापूस विदर्भातल्या माणसाला लगेच सुचतो, पण सरकी व ढेप जनावरांच्या गव्हाणीत जाते हे विसरू नका. उसाचे म्हणाल तर अशा तुकड्याचा ऊस आधी तपासणी, मग नोंद, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोहरी लावून काढायचाच प्रयोग कोणाला करायचा असेल तर तो छंद म्हणून नको. पीक फुलावर असतानाच मुळासकट उपटावे लागते, झडलेले पानही वेचावे लागते. आणि मग ते टाकायचे कुठे? चुलीत घातले तर धूर घरात आणि राख अंगणात. उकिरड्यावर टाकले तर पुढल्या वर्षी त्याच शेतात. गुरांना घातले तर दुधात आणि मासात. बाहेरच्या देशांत असे काड बंद भट्टीत जाळून राख घातक कचऱ्याच्या पक्क्या खड्ड्यात पुरतात. आपल्या विदर्भात तशी सोय नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. धामणगाव बढ्याहून बैलगाडीने न्यायची ती जागा नव्हे. हे सगळे करायची तयारी असेल तरच विद्यापीठाच्या सल्ल्याने पुढे जावे.

माती तपासणीबाबत सूचना

आपण नेहमी जी माती तपासतो त्यात सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, आणि फार तर जस्त, लोह, तांबे, मॅंगनीज असते. शिसे, कॅडमियम, सेलेनियम त्यात नसते. ते वेगळे मागावे लागते आणि त्याचा खर्चही जास्त आहे, म्हणून सरसकट सगळ्यांनी करण्याची गरज नाही. ज्यांच्या शेतात वर सांगितलेल्यांपैकी एखादी गोष्ट घडली आहे त्यांनीच करावी.

नमुना घेताना लोखंडी टिकाव-फावडे वापरू नये, लाकडी खुरपे किंवा प्लास्टिकचा पत्रा घ्यावा. एकराला आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा वीतभर खड्डा करून कडेची माती घ्यावी, बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाची जागा सोडावी. सगळी माती एकत्र करून चार भाग पाडावे, समोरासमोरचे दोन टाकावे, असे करीत अर्धा किलो उरवावी व सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावी. ज्या तुकड्याचा संशय आहे त्याचा एक नमुना आणि त्याच शिवारातल्या, कधी काही न टाकलेल्या चांगल्या तुकड्याचा दुसरा नमुना, असे दोन आणावे. एकट्या आकड्यावरून काही कळत नाही, शेजारच्या चांगल्या जमिनीशी ताडून पाहावे लागते. विहिरीचे पाणी एक लिटर, स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत, तिच्यात आधी दुसरे काही भरलेले नको.

पिशवीवर सभासद क्रमांक, गट क्रमांक, मागील तीन पिके, आणि बाहेरून काय टाकले ते व कोणत्या साली, हे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पिशवीच्या आत ठेवावी. बाहेर बांधलेली चिठ्ठी गाडीत गळून पडते, हा नेहमीचा अनुभव. नमुने धामणगाव बढे गट कार्यालयात शेतकी मदतनिसाकडे द्यावेत. ते एकत्र करून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे पाठवण्याची व्यवस्था शेतकी खात्यामार्फत करता येईल. कोणी फुकट गाळ किंवा राख आणून देतो म्हणत असेल तर गाडी खाली करण्याच्या आधीच गट कार्यालयाला कळवावे. मी किंवा मदतनीस येऊन बघून जाऊ.

– ऊस विकास अधिकारी